‘कळवतो’ म्हणाले आहेत

३ मार्च, सोमवार. सकाळी.
अर्ज पाठवून आठवडा झाला. उत्तर नाही. म्हणजे विचार चालू आहे. नकार द्यायचा असता तर एव्हाना दिला असता. नकाराला वेळ लागत नाही. आमचा पाण्याच्या टाक्यांचा कारखाना बंद झाला तेव्हा गेटवर एक कागद चिकटवला होता, बस्स. मी तिथे डिस्पॅच सुपरवायझर. त्या दिवशी स्वतःलाच डिस्पॅच करून घरी आलो.

आता अर्ज केलाय तो वजनकाट्यांच्या कंपनीत. काम : ग्राहकांच्या तक्रारींना लेखी उत्तरं देणे. जाहिरातीत लिहिलंय, शांत स्वभावाची, मुद्देसूद लिहिणारी व्यक्ती हवी. बायकोला वाचून दाखवली आणि म्हटलं, बघ, नाव तेवढं घालायचं राहिलंय माझं. तिने इस्त्री उभी करून ठेवली, पेपर हातात घेतला आणि जाहिरात पुन्हा वाचली. सावकाश. माझ्याबद्दल एवढं चांगलं छापून आलेलं तिने पूर्वी कधी वाचलेलं नाही.

एकच अडचण. तिने तिच्या भावाला शब्द देऊन ठेवलाय की या महिन्यात माझं कुठे जमलं नाही, तर एक तारखेपासून मी त्याच्या दुकानात बसेन. दुकान नळ, बेसिन आणि कमोडचं. ज्या माणसाने ट्रकच्या ट्रक रवाना केले, तो कमोडच्या झाकणांचे रंग दाखवत उभा राहणार नाही. इथे लिहून ठेवतोय.

४ मार्च, मंगळवार.
शेजारचे विमेकाका आले होते. आयुष्यभर विमा विकला. आता रिटायर आहेत, पण बोलता बोलता अजून समोरच्याच्या मरणावर येतात. म्हणाले, अर्ज टाकून गप्प बसणारा घरीच बसतो, फॉलोअप कर. ते स्वतः एका गिऱ्हाइकाच्या मागे अकरा वर्षं होते. शेवटी पॉलिसी झाली. मुलाने घेतली. तो गृहस्थ तोवर गेला होता.

काकांचा नियम असा : ‘झालं का?’ असं विचारायचंच नाही. ‘कधी येऊ?’ असं विचारायचं. समोरचा गडबडतो आणि वेळ देऊन बसतो.

उद्यापासून फॉलोअप. शिस्तीत.

५ मार्च, बुधवार.
पहिला मेल गेला. घरात मेल आयडी एकच, तोही बायकोच्या नावाचा. कन्येच्या शाळेसाठी काढला होता, कन्या कॉलेजात गेली तरी तोच चालू आहे. बायको टाइप करते, मी येरझाऱ्या घालत सांगतो. माझं डोकं पाय चालू असले की चालतं.

सुरुवात जोरदार केली होती. ‘आपण गेले काही दिवस जो कमालीचा बेजबाबदारपणा दाखवत आहात, तो पाहता आपले काटे तरी नीट चालत असतील का, अशी शंका येते.’ मग अनुभव, मग टाक्या, मग आजची पिढी. चांगली दोन पानं झाली असती.

पाठवल्यावर स्क्रीनवर वाचलं तर एवढंच : ‘नमस्कार. गेल्या आठवड्यात पाठवलेला अर्ज आपल्याला मिळाला ना, इतकंच विचारायचं होतं. आपण कामात असाल. सवडीने कळवलंत तरी चालेल.’

आशय माझाच आहे. लग्नाआधी ती एका वकिलाकडे पत्रं टाइप करायची, पण आता हात बसलेला नाही बिचारीचा. दोन पानं झेपली नसणार. मी काही बोललो नाही. माणसं सांभाळून घ्यावी लागतात.

६ मार्च, गुरुवार. दुपारी.
उत्तर आलं! मॅनेजर बाईंचं, जातीने! ‘इतक्या नेमक्या आणि सौम्य शब्दांत विचारणा करणारं क्वचितच भेटतं. अर्ज मिळाला आहे. कळवतो.’

सौम्य. मी आधीपासून सांगतोय. बायकोला दाखवलं. तिने पदराला, म्हणजे ओढणीला हात पुसले, स्क्रीनजवळ वाकून वाचलं आणि गालातल्या गालात हसली. नवऱ्याचं कौतुक झालं की बायकोला बरं वाटतंच.

१० मार्च, सोमवार.
कळवलं नाही. फोन केला. रिसेप्शनवरची मुलगी होती. काकांच्या नियमाने थेट विचारलं, कधी येऊ? ती म्हणाली, कशासाठी? या प्रश्नाची तयारी काकांनी करून घेतलेली नव्हती. फोन ठेवला.

अर्ध्या तासाने आवाज जाड करून पुन्हा केला. ती म्हणाली, मघाचेच ना तुम्ही? म्हटलं, नाही, मी त्यांचा सेक्रेटरी. ती म्हणाली, बरं, मग साहेबांना सांगा, मॅडमनी नावं बाजूला काढली आहेत, जरा धीर धरा. मी सांगतो म्हटलं.

नावं बाजूला काढली आहेत. कुठल्या बाजूला, हे विचारायचं राहिलं.

१२ मार्च, बुधवार.
स्वतः जाऊन आलो. गेटवर वॉचमनच्या रजिस्टरमध्ये ‘कामाचे स्वरूप’ असा रकाना होता, त्यात फॉलोअप लिहिलं. त्याने वाचून विचारलं, म्हणजे वसुली का?

रिसेप्शनमध्ये त्यांचाच एक मोठा काटा ठेवलाय, कुणीही वजन करावं. म्हटलं, कंपनीच्या मालात रस दाखवावा. चढलो. आकडा बघून रिसेप्शनवरच्या मुलीच्या ध्यानात आणून दिलं की तुमचा काटा बिघडलाय. ती म्हणाली, सगळे तेच म्हणतात. मी खिशातून किल्ल्या, मोबाइल, चष्मा काढून तिच्या टेबलावर ठेवले आणि पुन्हा चढलो. तेवढ्यात ती ‘मॅडम’ म्हणत उठली आणि मॅनेजर बाई मागून गेल्या. दोन्ही हात खाली सोडून, पोट आत घेऊन, श्वास रोखून मी काट्यावर उभा होतो. नमस्कार करता आला नाही. पण त्यांनी पाहिलं. छाप पडली असावी.

घरी येऊन बायकोला दुसरा मेल सांगितला. रिसेप्शनचा उद्धटपणा, वॉचमनचं अज्ञान, बिघडलेला काटा, सगळं घेतलं. गेलं ते असं : ‘आज न कळवता ऑफिसात येऊन गेलो, त्याबद्दल क्षमस्व. आपल्या रिसेप्शनवरच्या ताई फार समजुतीने बोलल्या, हे त्यांना जरूर सांगा. वाट पाहतो आहे.’

वॉचमन राहिलाच.

१६ मार्च, रविवार.
फोन नाही. मेल नाही. फोनला रेंज आहे, चार्जिंग पूर्ण आहे. कन्येला आतल्या खोलीतून मला फोन करायला सांगितला. वाजला. उचलला. ती म्हणाली, बाबा, मीच आहे. माहीत असूनही जरा वाईट वाटलं.

आज काही लिहावंसं वाटत नाही. पलीकडे बायको स्पीकर लावून मेहुण्याशी फोनवर बोलत होती. मेहुणा विचारत होता, भाऊजींना काउंटरमागे स्टूल लागेल की खुर्ची?

१८ मार्च, मंगळवार.
बोलावलं! गुरुवारी! मॅनेजर बाई लिहितात, ‘तुमचा दुसरा मेल मी आमच्या टीमला वाचून दाखवला. चिडायचं निमित्त असूनही न चिडता कसं लिहावं, याचा तो नमुना आहे. प्रत्यक्ष भेटायला आवडेल.’

टीमला वाचून दाखवला! टाक्यांच्या कारखान्यात माझं डिलिव्हरी चलनसुद्धा कुणी वाचत नसे.

रात्री जेवताना कन्येने मुलाखतीची तालीम घेतली. तिने विचारलं, तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता? खूप विचार केला, आठवेना. बायकोला विचारलं. ती सांगायला लागली. कन्या म्हणाली, आई, जरा थांब, पेन आणते.

ब्लेझर काढून बघितला. बटण लागत नाही. न लावताच घालणार. हल्ली तशीच पद्धत आहे.

२० मार्च, गुरुवार.
मुलाखत फर्स्ट क्लास.

मॅनेजर बाई वयाने माझ्याएवढ्या, बोलायला साध्या. त्यांनी माझ्यापुढे एक खरीखुरी तक्रार ठेवली. एका ग्राहकाने लिहिलं होतं, ‘तुमचा काटा घेतल्यापासून माझं वजन तीन किलो जास्त भरतंय, पैसे परत करा.’ म्हणाल्या, याला उत्तर लिहून दाखवा. आणि बाहेर गेल्या. टायपिंगला बायको नव्हती, म्हणून सगळं मनासारखं उतरलं. ‘महाशय, काटा खोटं बोलत नाही. माणूस बोलतो. आपण रात्री काय जेवता ते आधी कळवा, मग आमच्या काट्याला नावं ठेवा. पैसे परत मिळणार नाहीत, वजन परत जाईल की नाही ते आपल्या हातात आहे.’ शेवटी ‘कळावे’ घातलं. सौम्यपणा राहावा म्हणून.

बाईंनी एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझे दोन्ही मेल काढून त्या कागदाशेजारी ठेवले आणि बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिल्या. विचारलं, हे मेल तुम्हीच लिहिलेत? म्हटलं, म्हणजे काय, मी तोंडाने सांगतो, टायपिंग तेवढं मिसेसचं. अच्छा, म्हणाल्या. मग मिसेसबद्दल विचारायला लागल्या. आधी काय करत होत्या, आता काय करतात. वकिलाचं सांगितलं. त्यांनी तिचा फोन नंबर मागितला, मी एका दमात दिला. निघताना म्हणाल्या, तुम्ही आलात ते फार बरं झालं.

आणखी काय म्हणायला हवं माणसाने?

२१ मार्च, शुक्रवार.
मेहुण्याच्या दुकानात गेलो. म्हटलं, तुला ताटकळत ठेवणं बरोबर नाही, माझं झाल्यातच जमा आहे, तू दुसरा माणूस बघ. तो पिवळ्या कमोडवरची धूळ झटकत होता. म्हणाला, भाऊजी, हातात कागद आलाय का? म्हटलं, कागद काय, येईलच. तो म्हणाला, मग कागद आल्यावर बोलू, घाई नाही. मी आग्रहच धरला. उगाच कुणाच्या उपकारात राहू नये.

परत येताना दुकानाच्या काचेत स्वतःला बघितलं. बटण न लावलेला ब्लेझर खरंच बरा दिसतो.

२४ मार्च, सोमवार.
मॅनेजर बाईंचा फोन आला. बायकोला! उद्या तिला भेटायला बोलावलंय. विमेकाका म्हणाले, मोठ्या कंपन्या हल्ली माणसाचं घर कसं आहे तेही तपासतात. मलाही तेच वाटलं.

संध्याकाळभर तिची तयारी करून घेतली. विचारलं तर सांग, की हे कधी आवाज चढवत नाहीत. तिने विचारलं, आत्ता चढवलाय तसा? मी म्हटलं, ही तालीम आहे, यातलं धरायचं नाही.

२५ मार्च, मंगळवार.
बायकोबरोबर गेलो. ती आत, मी रिसेप्शनमध्ये. बराच वेळ लागला. माझ्याबद्दल एवढं काय विचारत असतील? काट्याकडे बघितलं नाही. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, सेक्रेटरी नाही आले आज? म्हटलं, रजेवर आहेत.

बायको बाहेर आली. बसमध्ये खिडकीजवळ बसली. मी विचारलं, काय काय विचारलं? म्हणाली, एक तक्रार लिहायला दिली होती. तीच, तीन किलोवाली. मी चकितच झालो. बायकोकडूनही लिहून घेतात म्हणजे तपासणी फारच खोलवर आहे. तिने काय लिहिलं, तर म्हणे, ‘आपल्याला त्रास झाला, वाईट वाटलं. आमचा माणूस येऊन काटा तपासून जाईल. आमची चूक असेल तर नवा काटा देऊ. नसेल, तरी तो आपल्याला नीट वापरायला दाखवून जाईल.’

मी म्हटलं, फारच मिळमिळीत झालं, असल्याने ग्राहक डोक्यावर बसतात. ती म्हणाली, अहो, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. मी म्हटलं, आता ऑफर येईपर्यंत काही बोलायचं नाही, दृष्ट लागते. मग ती स्टॉप येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

२८ मार्च, शुक्रवार.
ऑफर आली. सकाळी मीच मेल उघडला. वर ‘श्रीमती’ लिहिलेलं.

लगेच लक्षात आलं, मेल आयडीचा घोटाळा. आयडी तिच्या नावाचा, त्यामुळे तिथल्या कारकुनाने डोळे झाकून नाव उचललं. एवढी मोठी कंपनी आणि हा कारभार! बायकोला बसवलं आणि दुरुस्तीचा मेल सांगायला सुरुवात केली. ‘आपल्या निष्काळजीपणामुळे...’

ती टाइप करेना. हात की-बोर्डवर तसेच ठेवून बसली. मला वाटलं, स्पेलिंग अडलं असेल. मग म्हणाली, अहो, चूक नाहीये ती.

मी येरझाऱ्या थांबवल्या.

म्हणाली, बाईंनी मला सरळ विचारलं, मेल कुणी लिहिले. मला खोटं बोलता आलं नाही. मी मागितली नव्हती हो नोकरी. तुम्हाला बसमध्येच सांगणार होते. तुम्ही म्हणत असाल तर नको म्हणून कळवते. पण मला करायचंय ते काम. खूप वर्षांनी कुणीतरी मला विचारलं, की तुम्ही कधी येऊ शकता?

‘कधी येऊ’ आम्ही विचारायचं असतं. त्यांनीच तिला विचारलं.

मी म्हटलं, विचार करून कळवतो. आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मी बराच वेळ बघत राहिलो. ते मेल मी लिहिले नव्हते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते वाचताना वाटायचं, की आपण असेच आहोत.

२९ मार्च, शनिवार.
तिने विचारलं नाही. मी सांगितलं नाही. मी पाणी प्यायला उठलो की ती वर बघते, मी परत बसलो की खाली.

संध्याकाळी कन्या म्हणाली, बाबा, आता आईने तुमचा फॉलोअप करायचा का?

उत्तराची वाट बघणं म्हणजे काय, ते या घरात माझ्याएवढं कुणाला ठाऊक आहे? आत गेलो आणि म्हटलं, जा तू. तिने विचारलं, मनापासून? म्हटलं, मनापासून व्हायला जरा वेळ लागेल, तू तोवर जा.

३१ मार्च, सोमवार.
घरात दोघांनीही कमावलेलं बरं, असं काल एकदम पटलं. सकाळी मेहुण्याकडे गेलो. म्हटलं, तुझी गैरसोय नको, उद्यापासून येतो. कुठलीही खुर्ची चालेल. तो ओशाळला. म्हणाला, भाऊजी, तुम्हीच मागे लागलात म्हणून ठेवला हो माणूस. आतमध्ये एक जण गिऱ्हाइकाला झाकणांचे रंग दाखवत होता. चांगला दाखवत होता. मेहुणा मला रस्त्यापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, पुढेमागे जागा झाली की कळवतो.

७ एप्रिल, सोमवार.
बायकोचा पहिला दिवस. दारात थांबून मशीन कसं लावायचं ते पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, मी ट्रक लावलेत. ती म्हणाली, हो, पण पांढरे कपडे वेगळे.

ती गेल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं. विमेकाका आले. म्हणाले, खचू नकोस, त्याच कंपनीत डिस्पॅच असेलच की, काटे काय उडत जातात? फॉलोअप कर. मग म्हणाले, तुझी पॉलिसी चालू आहे ना?

संध्याकाळी कन्येकडून स्वतःचा मेल आयडी काढून घेतला. माझ्या नावाचा.

९ एप्रिल, बुधवार.
स्वतः मेल टाइप केला. एका बोटाने. सुरुवात ‘आपण माझ्यावर जो घोर अन्याय’ अशी केली होती, पण ‘घोर’ सापडेपर्यंतच दमलो. एका बोटाने टाइप करताना राग टिकत नाही. सगळं खोडलं. शेवटी राहिलं ते एवढं :

‘नमस्कार. मला डिस्पॅचचं काम येतं. आपल्याकडे जागा आहे का? असल्यास कधी येऊ?’

कुणाला न दाखवता पाठवून दिला. बायकोलाही बोललो नाही.

१० एप्रिल, गुरुवार. दुपारी.
उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवतो.

‘नमस्कार. आपला मेल मिळाला. सध्या डिस्पॅच विभागात जागा नाही, हे कळवताना वाईट वाटतं. आपला अर्ज जपून ठेवला आहे. जागा झाली की सगळ्यांत आधी आपल्यालाच कळवू. आपण मेल नेमका आणि छान लिहिला आहे.

ता. क. मशीनमधले कपडे सकाळपासून आतच आहेत. वाळत घाला. नाहीतर कुबट वास येईल.’

कपडे वाळत घातले. पांढरे वेगळे करायचे राहिले होते, माझे दोन शर्ट आता फिकट गुलाबी आहेत.

‘छान लिहिला आहे’ हे सगळ्यांनाच लिहितात का, ते संध्याकाळी ती आली की विचारणार आहे. आधी चहा ठेवतो, मग विचारतो.